सुऱ्यांच्या पंगतीतली कात्री

तोंड उघडल्यावाचून माझे कोणतेच काम होत नाही. तेव्हा आज बोलण्यासाठी ते उघडले म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. मी स्वयंपाकघरातली कात्री. मला कोणी कैची म्हणतात, कोणी सीझर म्हणतात, आणि या घरातली नऊ वर्षांची नात तर गडबडीत असली की नुसतेच 'ते कापायचं' म्हणते. या तिन्ही नावांना मी ओ देत नाही. सुरी चिरते, करवत कापते, मी कातरते. ज्याचे क्रियापद त्याला द्यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

भाषेविषयीची आणखी एक तक्रार आताच मांडून टाकते. माणूस पेचात आला की तो 'कात्रीत सापडतो'. खर्च डोईजड झाला की त्याला 'कात्री लागते'. एखादी बाई जरा स्पष्ट बोलली की तिची जीभ म्हणे माझ्यासारखी चालते. कोथिंबीर कातरताना मात्र कोणाला माझ्यावरून एखादा गोड वाक्प्रचार सुचल्याचे ऐकिवात नाही.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. अचूक सांगायचे तर अर्धा एका यंत्रात आणि अर्धा दुसऱ्या यंत्रात, कारण माझी दोन्ही पाती वेगवेगळी घडली आणि पहिला दिवसभर त्यांची एकमेकांशी ओळखदेखील नव्हती. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका बाईने ती मधल्या खुंटीवर बसवली आणि ओला, पातळ कागद कातरून पाहिला. कागद ओढला गेला नाही, चुरगळला नाही, सरळ दुभंगला. "ही जाऊ दे," बाई म्हणाली आणि पुढच्या कात्रीकडे वळली. माझ्या आयुष्यातले हे पहिले प्रशस्तिपत्र होते आणि पुढची कित्येक वर्षे ते एकमेवच राहिले.

माझी पाती पूर्ण फाकवली की ती खुंटीवरून सुटून वेगळी होतात. त्यामुळे मला नीट धुता येते. एवढी सोय करून देणाऱ्याने माणसांचा स्वभाव लक्षात घेतला नव्हता. ज्या घरात मी आले तिथे मला कोणी धूतच नसे.

या घरात मी आले ती एका लाकडी ठोकळ्यात, पाच सुऱ्यांच्या पंगतीत सहावी म्हणून. घरातले आजोबा एका मोठ्या उपाहारगृहात चाळीस वर्षे मुख्य आचारी होते. तिथे त्यांना सगळे 'वस्ताद' म्हणत; मीही तसेच म्हणेन. निवृत्तीच्या दिवशी हाताखालच्या मंडळींनी त्यांना हा ठोकळा भेट दिला. वस्तादांनी एकेक सुरी उपसली, अंगठ्याने धार जोखली, मान डोलावली. शेवटी मला उपसले आणि दोन बोटांत धरून सर्वांना दाखवत म्हणाले, "ही एखाद्या शिंप्याची चुकून आलेली दिसते." सगळे हसले. पाचही सुऱ्या हसल्या. पोलादाचे हसणे माणसांना ऐकू येत नाही, एवढेच. त्याच संध्याकाळी माझी रवानगी खालच्या खणात झाली.

खणातले जग मजेदार होते. रबरांचा गुंता, अर्धी मेणबत्ती, कोणत्याच कुलपाची नसलेली एक किल्ली, आणि मी. ज्या घरात माझे काही काम नव्हते, त्या घरात दिवसातून दहा वेळा 'कात्री कुठे गेली?' हा प्रश्न मात्र घुमत असे. दुधाची पिशवी फोडायला मी, गोळ्यांची पट्टी तोडायला मी, खोक्यावरची चिकटपट्टी उचकटायला मी. चिकटपट्टीचा डिंक आठवडा आठवडा माझ्या अंगाला चिकटून राही आणि मी गप्प बसे.

गप्प बसणाऱ्याजवळ गुपिते साठतात. वस्तादांचा मुलगा मोठा शिस्तीचा गृहस्थ. कार्यालयात त्याचा दरारा असल्याचे ऐकते. तो दर महिन्याला दार लोटून भांडी घासायच्या जागेवरच्या छोट्या आरशात पाहत माझ्याच पात्यांनी मिशी नीटनेटकी करत असे. नातीने शाळेच्या छायाचित्राच्या आदल्या दिवशी कपाळावरचे केस माझ्याकडूनच कातरून घेतले आणि ते इतके वर गेले की छायाचित्रात ती कायमची आश्चर्यचकित झालेली दिसते. सूनबाई भेट म्हणून आलेल्या साडीवरची दुकानाची चिठ्ठी गुपचूप कातरत, ती साडी पुढे दुसऱ्या कोणाला तरी भेट जात असे. मी कोणाचे नाव कोणाजवळ घेतले नाही. आता घेते आहे, तो भाग वेगळा.

वस्ताद मात्र माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसत. निवृत्तीनंतर दर रविवारचा स्वयंपाक त्यांचा असे. त्या दिवशी त्यांच्या सुरीचा पाटावरचा आवाज खणात मला ऐकू येई. इतका एकसारखा की कांदा रडण्याऐवजी डुलकी घेत असावा असे वाटे. मत्सर वाटे, खोटे कशाला बोलू?

मग गेल्या वर्षी तो आवाज बिघडला. आधी एखादा ठोका चुकला, मग दोन. वस्तादांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिले. घरात मात्र सगळे 'थरथर' एवढेच म्हणत. एका रविवारी गाजर निसटले, सुरी निसटली आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना मिळून सात टाके पडले. मुलाने फरशीवरचे रक्त स्वतः पुसले. त्यानंतर त्याने पाचही सुऱ्या ठोकळ्यासकट माळ्यावर टाकल्या आणि वडिलांना सांगितले, की चिरलेली भाजी बाजारात मिळते, ती आणू.

वस्ताद म्हणाले, "दुसऱ्यानं चिरलेल्या भाजीला मी फोडणी देत नाही."

आणि ते उठून गेले. पुढचे सगळे रविवार त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीत काढले. वर्तमानपत्र हातात धरत. ते थरथरे, म्हणून मांडीवर ठेवत. मग वाचतही नसत.

एका दुपारी घरात कोणी नव्हते. सूनबाई कोथिंबिरीची जुडी निवडून ठेवून खाली गेल्या होत्या. वस्ताद स्वयंपाकघरात आले आणि बराच वेळ त्या जुडीसमोर उभे राहिले. माळ्याकडे पाहिले; तिथे हात पोहोचण्यासारखा नव्हता. मग खण उघडला. मला उचलले, दाराकडे एक चोरटी नजर टाकली आणि मला नळाखाली धरले. साबण लावून, पाती सोडवून, डिंक खरवडून, पुसून. इतक्या वर्षांत मला आंघोळ घालणारा पहिला माणूस हा असावा, याचे मला हसू आले.

त्यांनी कोथिंबीर एका उंच पेल्यात उभी खोचली आणि मला पेल्यातच उतरवले. कच, कच, कच. पाने पेल्याबाहेर उडाली नाहीत, हात इकडचा तिकडे झाला तरी पेल्याची भिंत आवरत होती. उजव्या हाताची बोटे माझ्या कड्यांत अडकलेली. पात्यांखाली ती जाणार कशी? अर्ध्या मिनिटात पेल्याच्या तळाशी हिरवा, बारीक ढीग तयार झाला. वस्तादांनी तो हातावर घेऊन हुंगला.

"बाबा?" दारात सूनबाई उभ्या होत्या.

वस्तादांनी मला पाठीमागे लपवले. सत्तरीचा माणूस, चाळीस वर्षांचा मुख्य आचारी, आणि चेहरा बरणीतला लाडू चोरताना सापडल्यासारखा. सूनबाईंनी पेल्यात डोकावले.  पिशवीतून पाच-सहा मिरच्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "मग याही करून टाका. माझ्या हाताला फार आग होते."

असा आमचा तिघांचा कट सुरू झाला. मुलाला सांगायचे, चिरणे-कापणे सूनबाईंचे आणि फोडणी तेवढी बाबांची. त्याआड आम्ही काय काय केले ते ऐका. मिरची मी हवेतच कातरली, पाटाला तिखट लागलेच नाही. कांद्याची पात सरळ उकळत्या सुपावर धरून कातरली. भेंडीचे तुकडे थेट कढईत पडले आणि माझा चिकटपणा एका धुण्यात गेला. त्याच भेंडीने सुरीचे काय केले असते ते पाटाला विचारा. पालक, भिजवलेल्या शेवया, पावाच्या कडा, माशाचे कल्ले. डब्यातले सोललेले टोमॅटो तर डब्यात तोंड घालूनच बारीक केले. माझ्या दोन मुठींच्या मध्ये दातेरी जागा आहे. तिथे अक्रोड फुटतो आणि बरणीचे हट्टी झाकणही वठणीवर येते. इतकी वर्षे खणात माझ्याबरोबर राहिलेल्या त्या किल्लीने कधी एवढे उघडले असेल का?

वस्ताद मला रोज धुऊन कोरडे करत आणि पुन्हा खणात ठेवत. रबरांच्या गुंत्याखाली, जरा खोल. त्यांना माझी लाज वाटत होती. मला ते समजत होते, आणि मी ते मनावर घेतले नाही असे म्हणाले तर ते शंभर टक्के खरे होणार नाही.

मग एक दूरध्वनी आला. वस्तादांनी तो घेतला आणि खुर्चीत बसूनच राहिले. सूनबाईंनी खोदून विचारले तेव्हा सांगितले. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली एक बाई होती. सगळे कसे झटपट उरकायची, म्हणून तिचे नावच 'घाई' पडले होते. एके दिवशी वस्तादांनी तिला कांद्याची पात कात्रीने कातरताना पाहिले आणि त्याच दिवशी तिला कामावरून काढून टाकले. आता तिची स्वतःची स्वयंपाक शिकवण्याची शाळा होती, आणि तिला वस्ताद आठवड्यातून एक दिवस शिकवायला हवे होते. रविवारी ती जेवायला येणार होती. थरथरीचे तिला काही ठाऊक नव्हते.

"कात्रीसाठी काढलंत?" सूनबाईंनी विचारले.

"कात्रीसाठी," वस्ताद म्हणाले आणि खणाकडे पाहिले नाही.

मुलाला हे कळले तेव्हा त्याने आपली अट सांगितली. पाहुण्यांपुढे वडिलांचे नाक कापले जाऊ नये, म्हणून हा एक स्वयंपाक त्यांनी करावा. पण तो शेवटचा. त्यानंतर वस्तादांनी शेगडीजवळ उभे राहायचे नाही. तो रागावला नव्हता. त्याने फरशी पुसली होती, आणि त्याला ती पुन्हा पुसायची नव्हती.

रविवार उजाडला. घाईबाई एक वाजता येणार होत्या. बारापर्यंत सगळे कातरून संपवायचे, मला धुऊन खणात टाकायचे आणि माळ्यावरची एक सुरी पाटाशेजारी दिखाव्यासाठी मांडायची, असा बेत ठरला. मुलाने सुरी काढून दिली. कशासाठी ते त्याने विचारले नाही. मी पात कातरली, कोथिंबिरीचा मोठा ढीग घातला, गाजराच्या पातळ चकत्यादेखील केल्या. फक्त कोंबडी राहिली होती.

पण ज्या बाईचे नावच घाई, ती वेळेवर कशी येईल? पावणेबारालाच दारावरची घंटा वाजली.

सूनबाई मला नळाखाली धूत होत्या. माझी दोन्ही पाती सुटी होती. त्या दचकल्या. एक पाते त्यांनी एप्रनच्या खिशात कोंबले. दुसरे हातात राहिले, आणि पाहुण्यांच्या चपला दारात वाजल्या तेव्हा ते त्यांनी सरळ कोथिंबिरीच्या ढिगात खुपसले. अशी मी अर्धी खिशात आणि अर्धी हिरवाईत, जन्मल्यानंतर प्रथमच स्वतःपासून इतकी दूर.

घाईबाई दिवाणखान्यात थांबल्याच नाहीत. पन्नाशीच्या, ताठ, बाह्या आधीच वर केलेल्या. वस्तादांना वाकून नमस्कार केला, वाटीतली पात पाहिली, गाजर पाहिले, दिखाऊ सुरी पाहिली. मग कोथिंबीर हुंगायला म्हणून त्यांनी ढिगात हात घातला आणि मला बाहेर काढले. म्हणजे अर्धीला.

"ही कसली सुरी, वस्ताद?"

वस्तादांनी उजवा हात आपल्या एप्रनखाली लपवला होता. "जुनी आहे," ते म्हणाले.

"हिला कडी का आहे?"

"अडकवायला. भिंतीवरच्या खिळ्याला."

घाईबाईंनी गंभीरपणे मान हलवली. "छान सोय आहे. धार मात्र एकाच बाजूला दिसते."

"मग काय दोन्हीकडून असते?"

नात इतका वेळ दाराशी उभी होती. तिला आजोबांची दया आली असावी. "आजोबा, दुसरा अर्धा आईच्या खिशात आहे," ती मदतीला धावली.

 सूनबाईंनी खिशातून माझे दुसरे पाते काढून ओट्यावर ठेवले. घाईबाईंनी मला खुंटीवर बसवले, खट्ट. इतक्या सराईतपणे, की हिच्या घरी माझी बहीण असणार हे मी त्याच क्षणी ओळखले.

"पात मी वाटीतच ओळखली होती," त्या म्हणाल्या. "सुरीनं चकती गोल राहते. ही बाजूनं दबलीय." मग म्हणाल्या, "अठरा माणसांपुढं तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं?"

"आठवतं."

"म्हणा बरं."

वस्ताद खाली पाहत म्हणाले, "हात नसलेल्यांनी कात्री धरावी."

आणि त्यांनी एप्रनखालचा हात बाहेर काढला. तो लपवायचे सोडल्यावर आणखीच थरथरू लागला. तो त्यांनी तसाच ओट्यावर, सर्वांच्या नजरेसमोर ठेवला.

"वाक्य बरोबर होतं, घाई. माणूस चुकला. ते तुला सांगायचं नव्हतं, मला सांगायचं होतं. वीस वर्षं आधी बोलून गेलो, एवढंच."

घाईबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी कोंबडीचे ताट वस्तादांकडे सरकवले आणि मला त्यांच्यापुढे ठेवले. "मग धरा," त्या म्हणाल्या.

मुलगा दारात येऊन उभा होता. वस्तादांनी कोंबडी पालथी केली, डाव्या हाताने घट्ट दाबली आणि मला कण्याच्या एका बाजूने आत घातले. आता खरे सांगते, मला धास्ती वाटत होती. पात आणि पालक वेगळे, हाड वेगळे. पण हाड माझ्या दोन पात्यांमध्ये एकदा आले की ते निसटत नाही. हात कितीही हलो, मी त्याला धरून ठेवते. कट्ट, कट्ट, कट्ट. एक बाजू उतरली. मग दुसरी. वस्तादांनी कणा अलगद वेगळा काढला, तो रश्श्यासाठी बाजूला ठेवला, कोंबडी उलटवली आणि तळहाताने दाबून पुस्तकासारखी सपाट उघडली.

"बोट मध्ये आलं असतं तर?" मुलाने विचारले. 

"या हाताची बोटं कड्यांत आहेत, ती जातील कुठं?" वस्ताद म्हणाले. "आणि डावा हात माझा अजून शहाणा आहे. त्याला सात टाक्यांची शिकवणी झालीय."

मुलगा ओट्यापर्यंत आला. मला उचलून उघडमीट करून पाहिले. जणू प्रथमच भेटत होता. मी त्याच्या मिशीकडे पाहिले आणि सभ्यपणे गप्प राहिले. मग त्याने दिखाऊ सुरी उचलली, ती परत माळ्यावर ठेवली, आणि पाठमोराच म्हणाला, "पुढच्या रविवारी काय करताय, बाबा?"

 उत्तर घाईबाईंनी दिले. "माझ्याकडं सुरी शिकवणारे तिघं आहेत," त्या म्हणाल्या. "ही शिकवणारं कुणी नाही. गुरुवारी या. आणि तिला घेऊन या."

तेव्हापासून माझे दिवस पालटले. खण सुटला, शेगडीशेजारी एक खिळा आहे, त्यावर मी कडीने लटकते. दुधाच्या पिशव्यांसाठी सूनबाईंनी एक लहान कात्री आणली आहे; ती माझ्याशी फार अदबीने वागते. दर गुरुवारी मी स्वच्छ फडक्यात गुंडाळून वस्तादांच्या पिशवीतून शाळेत जाते. तिथे पंचवीस माणसे पंचवीस पेल्यांत कोथिंबीर खोचून बसतात, आणि मला समोर धरून वस्ताद सांगतात, की हिला आधी धुवा, मग कामाला लावा. हे वाक्य ते दोनदा म्हणतात.

तुमच्या घरीही माझी एखादी बहीण खणात डिंकाने माखून पडली असेल. तिला बाहेर काढा. पाती सोडवून धुवा, कोरडी पुसा, खुंटीला तेलाचा एक थेंब द्या. कच्च्या मांसाला लावलीत तर गरम पाण्याने आणि साबणाने पुन्हा न्हाऊ घाला. मिशी तिच्याकडून कातरून घेऊ नका. आणि घेतलीत, तर निदान सांगू नका.

मी आता निरोप घेते, ओट्यावर कोथिंबीर आली आहे. जाता जाता एक खाजगी गोष्ट. वस्तादांची कोथिंबीर शाळेत सर्वांत बारीक होते. सगळे पेल्यात डोकावून त्यांना रहस्य विचारतात आणि ते 'चाळीस वर्षांचा हात आहे' असे उत्तर देतात. प्रत्यक्षात त्यांनी मला एकदा मिटले, की थरथरीमुळे मी आणखी दोनदा मिटते. तेवढ्या कातरण्या मी माझ्या खात्यावर घेत नाही. तुम्हीही त्यांना हे सांगू नका.